भिंतीवरचं अस्वल पुसा आणि पावसाचे आकडे लिहा

हल्ली कुठल्याही नगरपरिषदेच्या जिन्यात, झेडपीच्या शाळेच्या व्हरांड्यात किंवा पंचायत समितीच्या हॉलमध्ये शिरलात की एक ठराविक चित्र दिसतंच. दोन तळहात, त्यावर पृथ्वीचा गोळा, गोळ्याच्या तोंडात थर्मामीटर, एका बाजूला हिरवंगार झाड, दुसऱ्या बाजूला भेगाळलेली जमीन, आणि कोपऱ्यात बर्फाच्या तुकड्यावर कसंबसं उभं असलेलं पांढरं अस्वल. खाली 'वसुंधरा वाचवा'. आणि त्याच्या खाली, वसुंधरेपेक्षा मोठ्या अक्षरात, ज्यांच्या प्रेरणेने आणि ज्यांच्या सौजन्याने भिंत रंगली त्यांची नावं. पेंटरला दोष देण्यात काही अर्थ नाही, त्याला स्क्वेअर फुटाच्या रेटने काम मिळतं, कुणीतरी व्हॉट्सॲपवर इमेज पाठवतो आणि तो ती इमानदारीत मोठी करून काढतो. पण हवामान बदलाबद्दल लोकांना सांगायला भिंत वापरायची हे एकदा ठरल्यावर आपल्याला त्या भिंतीवर लिहायला एवढंच सुचतं?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते म्हणजे वाचायचं की नाही ते ठरवता येईल. आतली भिंत हे फार ताकदीचं माध्यम आहे, होर्डिंग आणि रील दोन्हीपेक्षा. पण तिच्यावर उपदेश रंगवला की ती वाया गेली. तिथे त्या जागेचा, त्या गावाचा स्वतःचा हिशोब असला पाहिजे, आणि तो दरवर्षी तिथल्याच माणसांनी पुढे लिहीत नेला पाहिजे, म्हणजे भिंत मुद्दाम अर्धी सोडलेली पाहिजे. बाकी सगळी सजावट, आणि सजावटीला माझा विरोध नाही, फक्त तिला जनजागृती म्हणू नका आणि त्या नावाखाली बिलं काढू नका.

भिंत वापरायची ही कल्पना आपल्याकडे नवी नाहीच. 'बोलक्या भिंती' हा शब्द कुठल्याही झेडपीच्या मास्तरांना विचारा. पाढे, बाराखडी, खिडकीच्या गजांवर मोजणी, दाराच्या कोपऱ्यात जमिनीवर कोन, हे सगळं आपल्या शाळांमध्ये कितीतरी वर्षं चाललंय आणि चांगलं चाललंय, कारण दार उघडताना कोन खरोखर बदलतो, मूल ते हाताने करून बघतं. मग २ ऑक्टोबर २०२० ला राज्य सरकारचं 'माझी वसुंधरा' अभियान आलं, भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश अशी पंचमहाभूतांवर मांडणी, नगरपरिषदा आणि ग्रामपंचायतींमध्ये स्पर्धा, गुण, बक्षिसं. अभियानात कामाच्या गोष्टी होत्या, नाही असं नाही. पण गुण मिळवायचे म्हटल्यावर सगळ्यात लवकर होणारं आणि फोटोत सगळ्यात छान दिसणारं काम कुठलं? भिंत रंगवणं. नाला साफ करायला सहा महिने लागतात, भिंत दोन दिवसांत होते.

तर आतली भिंत आणि बाहेरची भिंत यातला फरक. बाहेरची भिंत तुम्ही बाइकवरून जाताना दोन सेकंद बघता. आतल्या भिंतीसमोर तुम्ही बसून असता. उत्पन्नाचा दाखला काढायला तहसीलला दोन तास, सरकारी दवाखान्यात नंबर येईपर्यंत सकाळ, बँकेत केवायसीसाठी अर्धा दिवस, आणि शाळेतलं पोर तर वर्षाचे दोनशेच्या वर दिवस त्याच चार भिंतींत. एवढा बघणारा आणि एवढा कंटाळलेला प्रेक्षक कुणालाच मिळत नाही. आणि त्यांना आपण दाखवतो काय, तर आर्क्टिकचं अस्वल. लातूरच्या मुलाला अस्वल दाखवायचं? ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी, त्या लातूरच्या शाळेत भिंतीवर ती गाडी का नाही? आणि ज्या सांगली-मिरज भागाने पाणी पाठवलं तोच भाग तीन वर्षांनी, ऑगस्ट २०१९ मध्ये, पुरात बुडाला, हे दोन्ही एका भिंतीवर शेजारी शेजारी काढलं तर वेगळ्या घोषवाक्याची गरजच काय.

अस्वलाचा दुसरा प्रॉब्लेम असा की ते हलत नाही. पहिला आठवडा सगळे बघतात, फोटो काढतात, महिन्याभरात ते भिंतीचा भाग होतं आणि मग त्याच्यावर नोटीस चिकटवली तरी कुणाच्या लक्षात येत नाही. घरात लावलेल्या निसर्गचित्राचं हेच होतं ना. कायमचं चित्र म्हणजे कायमचं न दिसणारं चित्र.

इथे मला पालघरकडचा वारल्यांचा चौक आठवतो. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाड्याकडची घरं, कारवीच्या कुडाला शेणामातीचा गिलावा, त्यावर गेरू, आणि लग्नाच्या वेळी घरातल्या आतल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, मधे पालघट देवी, भोवती झाडं, प्राणी, माणसं, आणि धवलेरी गाणी म्हणत लग्न लावते. चौक नाही तर लग्न नाही. आपण शहरवाल्यांनी यातली चित्रं तेवढी उचलली. जिव्या सोमा मशेंना २०११ ला पद्मश्री मिळाली, कला जगभर गेली, त्याचा आनंदच आहे, पण आज लिफ्टच्या लॉबीत, कॅफेच्या भिंतीवर, बेडशीटवर जो तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांचा गोल असतो त्यात त्या भिंतीचं जे खरं काम होतं ते कुठेच नसतं. ते काम म्हणजे, चौक घराच्या आत, घरच्यांसाठी, घरातल्याच बायका एका प्रसंगी लिहितात, आणि पुढच्या लग्नाला तो परत लिहावा लागतो. कुणी बाहेरून येऊन एकदा काढून गेलं आणि सही केली असा प्रकार नाही. चौकाचा हवामान बदलाशी काही संबंध आहे असं मी ओढूनताणून म्हणत नाहीये, उगाच प्रत्येक आदिवासी गोष्टीला 'पर्यावरणपूरक' लेबल लावायची फॅशन मला आवडत नाही. मी एवढंच म्हणतेय की आतली भिंत माणसाच्या आयुष्यात कशी काम करते हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळलेलं आहे, आणि आपण त्यांच्याकडून फक्त नक्षी उचलली.

दुसरी गोष्ट पुराच्या रेषांची. पुण्यात पेठांमधल्या जुन्या माणसांना विचारा, १२ जुलै १९६१ ला पानशेतचं पाणी कुठपर्यंत आलं होतं ते अजून भिंतीकडे हात करून सांगतात. (पानशेत हा धरण फुटल्याचा प्रकार, हवामान बदलाचा नाही, हे मान्य, मुद्दा रेषेचा आहे.) भिंतीवरची एक आडवी रेघ आणि शेजारी तारीख, यापेक्षा कमी खर्चात यापेक्षा जास्त सांगणारं चित्र मला तरी माहीत नाही, कारण ती रेघ तुमच्या अंगाशी मोजली जाते. गुडघ्याला, कमरेला, डोक्याच्या वर. कोल्हापूरच्या शाळकरी पोराला राजाराम बंधाऱ्याची ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी तोंडपाठ असते, आणि २०१९ ला आणि परत २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं हेही माहीत असतं. सांगलीला आयर्विन पुलापाशी ४० आणि ४५, आणि २०१९ ला ५७ च्या पुढे. हे आकडे तिथे बातम्यांत, चहाच्या टपरीवर, सगळीकडे असतात, पण शाळेत आणि सरकारी ऑफिसात भिंतीवर काय असतं? थर्मामीटर तोंडात धरलेला गोळा! चिपळूणला २२ जुलै २०२१ ला बाजारपेठ बुडाली, त्याच चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस पडला, ती तारीख आणि तो आकडा वाशिष्ठीच्या काठावरच्या प्रत्येक दुकानाच्या, प्रत्येक बँकेच्या आतल्या भिंतीवर रेघ मारून लिहिलेले असायला हवेत. पण लोकांना रेघ नको असते. रेघ दिसली की दुकानाचा भाव पडतो. डिस्टेंपरचा एक हात मारला की झालं, पूर आला नव्हताच.

आणि इथेच खरी गोम आहे. जागृती कुणाची करायची हे आपण कधी ठरवतच नाही. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला, ज्याने २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट शेतात उभं राहून बघितली, त्याला ग्रामपंचायतीच्या भिंतीवरून हवामान बदलतंय हे सांगणं म्हणजे उद्धटपणा आहे. त्याला ते मंत्रालयातल्या माणसाच्या आधी कळलंय. ज्याला कळलेलं नाही, किंवा कळून चालत नाही, तो माणूस एसी मीटिंग रूममध्ये बसलाय. तिथे भिंतीवर काय असतं? मोठं निसर्गचित्र, धबधबा वगैरे, किंवा लाकडासारखं दिसणारं पॅनेलिंग. मला विचाराल तर पहिली भिंत जिल्हा नियोजनच्या हॉलची रंगवा, जिथे बांधकामाच्या परवानग्या आणि निधी यावर बोलणं होतं. निळी पूररेषा आणि लाल पूररेषा नकाशावर असतात, निळी म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येईल एवढा पूर आणि लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा, ते नकाशे फायलीत असतात आणि फाईल कपाटात असते. तो नकाशा छतापासून फरशीपर्यंत रंगवा की त्या हॉलमध्ये, शहराच्या नदीसकट, रस्त्यांच्या नावासकट. मग त्या भिंतीकडे पाठ करून निळ्या रेषेच्या आतल्या प्लॅनवर सही करायला निदान खुर्ची फिरवावी लागेल.

आणखी एक जागा सुचवते, हसू नका. बिल्डरचा सॅम्पल फ्लॅट. तिथे भिंतीवर सगळं असतं, टेक्स्चर पेंट, थ्रीडी वॉलपेपर, मुलांच्या खोलीत छतावर चमकणाऱ्या चांदण्या. नदीकाठच्या प्रोजेक्टमध्ये 'रिव्हर व्ह्यू' म्हणून जास्तीचे पैसे घेतात, तर ती रिव्हर किती उंचीपर्यंत येऊन गेलीय ते पार्किंगच्या पिलरवर आणि लॉबीच्या भिंतीवर लिहिणं सक्तीचं का नसावं? गाडीत सीट बेल्टची खूण असते, सिगारेटच्या पाकिटावर कॅन्सरचा फोटो असतो, घर तर आयुष्यातली सगळ्यात महाग खरेदी. बिल्डर लोक ओरडतील, ओरडू देत. घेणाऱ्याला माहिती मिळणं हीच जागृती, बाकी झाड लावतानाचे फोटो आहेतच.

आता कुणी म्हणेल की स्थानिक आकडे, स्थानिक रेघा ठीक आहे, पण हवामान बदल हा जगाचा विषय आहे, एका गावच्या पाच वर्षांच्या पावसावरून काही सिद्ध होत नाही. बरोबर आहे. हा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो कारण उलट बाजूनेही तो वापरला जातो, एखाद्या वर्षी थंडी जास्त पडली की लगेच 'कुठेय तुमचं ग्लोबल वॉर्मिंग' म्हणून मेसेज फिरतो. हवामानाचा कल बघायला तीसेक वर्षं तरी लागतात. म्हणून भिंतीवर दोन गोष्टी हव्यात, एक लांब पल्ल्याची आणि एक गावची. लांब पल्ल्याचीसाठी रंगवायला सोपी अशी एक गोष्ट ऑलरेडी आहे, रंगीत पट्ट्या. ब्रिटनच्या रेडिंग युनिव्हर्सिटीतले हवामान शास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांनी २०१८ मध्ये त्या केल्या, एका वर्षाची एक उभी पट्टी, सरासरीपेक्षा थंड वर्ष निळं, गरम वर्ष लाल, ना आकडा ना अक्षर. डावीकडून उजवीकडे बघत गेलं की निळ्याचं लाल होत जातं, वाचता न येणाऱ्यालाही कळतं. रेडिंगच्या फुटबॉल क्लबने २०२२-२३ च्या सीझनला त्या जर्सीच्या बाहीवर घेतल्या. आपल्या पेंटरला हे अस्वलापेक्षा कितीतरी सोपं, पट्टी आणि दोन रंगांच्या सात-आठ छटा, झालं काम. भारताच्या तापमानाच्या पट्ट्या कुठल्याही शाळेच्या लांब व्हरांड्यात मावतील, आणि वयाचा खेळ करता येतो, आजीच्या जन्माची पट्टी कुठली, आईची कुठली, तुझी कुठली, तिथे उभा राहा. पुण्यात पाषाणला जी उष्णदेशीय हवामानाची संस्था आहे, आयआयटीएम, तिच्या शास्त्रज्ञांनी केलेला भारताच्या हवामानाचा अहवाल २०२० मध्ये आला, त्यात १९०१ ते २०१८ मध्ये देशाचं सरासरी तापमान साधारण ०.७ अंशाने वाढल्याचं आहे. ०.७ ऐकून कुणी दचकत नाही. पट्ट्या बघून दचकतं. त्याच अहवालात असंही आहे की १९५१ ते २०१५ मध्ये मान्सूनचा एकूण पाऊस सुमारे ६ टक्के घटला आणि त्यातही गंगेचं मैदान आणि आपला पश्चिम घाट इथे घट जास्त, पण मध्य भारतात दिवसाला १५० मिलिमीटरच्या वर पडणारा धो धो पाऊस मात्र खूप वाढला. म्हणजे पाऊस कमी आणि झोडपणं जास्त, हे गावातल्या म्हाताऱ्यांचं रोजचं वाक्य, फक्त आकड्यांसकट.

गावची गोष्ट मात्र गावानेच लिहायची. का, तर २६ जुलै २००५ चं उदाहरण पुरेसं आहे, त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्याला जेमतेम ७३-७४. एकच मुंबई, एकच दिवस. 'मुंबईचा पाऊस' म्हणून जो आकडा भिंतीवर लिहाल तो दोन्हीपैकी एकासाठी खोटाच. आता तर महसूल मंडळांच्या पातळीवर महावेधची स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत, राज्यभर दोन हजारांवर, पीकविम्याचे वाद त्यांच्या आकड्यांवरून चालतात, म्हणजे आकड्यांचा तुटवडा नाहीये. आणि अगदी विश्वास नसेल तर साधा पर्जन्यमापक शाळेच्या गच्चीवर ठेवता येतो, सहावीतल्या पोरांना ते काम द्या, भांडणं होतील कुणाची पाळी म्हणून. हिवरे बाजारला हेच तर केलं, पाऊस किती पडला, विहिरींना पाणी किती, त्यावरून पाण्याचा ताळेबंद गावासमोर मांडायचा आणि मग रब्बीला काय पेरायचं ते ग्रामसभेत ठरवायचं, ऊस-केळीला आणि शेतीच्या बोअरला बंदी. त्या गावात पाऊस काही जास्त पडत नाही, ४०० मिलिमीटरच्या आसपासचा दुष्काळी पट्टा तो. फरक असा की आकडा लोकांसमोर असतो आणि त्या आकड्याने काहीतरी ठरतं. माझ्या मते जागृतीची खरी परीक्षा हीच आहे, भिंतीवर जे लिहिलंय त्यावरून कुणाचा तरी एखादा निर्णय बदलतो का. अस्वलावरून काहीच ठरत नाही.

विदर्भातल्या शाळांना तर पावसाचीही गरज नाही. तिथे शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या शेवटाला उघडतात, कारण काय ते सगळ्यांना माहितीये. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी एक वाजता वर्गाच्या आत किती डिग्री झाली हे रोज भिंतीवर लिहा, बाहेर किती नाही, आत किती. पेपरात येणारं तापमान वेधशाळेच्या सावलीतलं असतं, पत्र्याखाली बसलेल्या पोराचं ते तापमान नसतंच. दोन-तीन वर्षं हे लिहून काढलं की पालकसभेत पत्रा बदलायचा ठराव करायला हाताशी पुरावा तयार. अहमदाबादने २०१० च्या भयंकर उन्हाळ्यानंतर २०१३ ला हीट ॲक्शन प्लॅन केला आणि पुढे गरीब वस्त्यांमध्ये छपराला पांढरा चुना मारायचं काम त्यात आलं, आतलं तापमान त्याने काही अंशांनी उतरतं. म्हणजे बघा, वर्गाच्या आत ऑइल पेंटने 'तापमानवाढ रोखा' लिहायचं आणि वर उघडा पत्रा तसाच ठेवायचा, त्यापेक्षा तोच खर्च छपरावर चुन्याचा केला तर निदान तो वर्ग तरी गार होईल. भिंतीवर मग आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा लिहा, दोन ओळी.

सामानाबद्दलही बोलायला हवं, नाहीतर सगळं खोटं ठरतं. पर्यावरण दिनाला हॉलमध्ये फ्लेक्स लावतात, पीव्हीसीचा, ५ जूनला लावला आणि ६ जूनला कचऱ्यात. आता व्हिनाइलचे प्रिंटेड वॉलपेपर आलेत, जंगल, वाघ, मोर, अख्खी भिंत एका तासात 'ग्रीन'. भिंतीला श्वास घेऊ देत नाहीत, पावसाळ्यात मागून बुरशी धरते आणि चार-पाच वर्षांत ओरबाडून काढावे लागतात. चुना, गेरू, साधा डिस्टेंपर पुरतो की. आकडा दरवर्षी लिहायचा तर गुळगुळीत, धुता येणारी, दहा वर्षं टिकणारी भिंत हवीय कशाला? उलट थोडी खडबडीत बरी, ब्रश धरतो.

हे सगळं टिकणार कसं हा प्रश्न मात्र रास्त आहे आणि त्याला माझ्याकडे झकपक उत्तर नाही. उत्साही मुख्याध्यापक बदलून जातात, नवीन मुख्याधिकारी येतो आणि त्याला त्याची थीम हवी असते, आणि 'माझी शाळा सुंदर शाळा'च्या तपासणीला टीम येणार म्हटलं की रात्रीत सगळ्या भिंती एका रंगाच्या होतात. म्हणून मी म्हणते की चित्रकार बोलवू नका. जे काढायला चित्रकार लागतो ते तो गेला की थांबतं. वर्षाला एक पट्टी, एक आकडा, पूर आला तर एक रेघ, एवढंच ठेवलं तर सातवीतलं पोर स्टुलावर चढून करू शकतं, आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या रजिस्टरमध्ये जूनच्या मीटिंगचा एक विषय म्हणून घालून ठेवलं की बदलीने फरक पडत नाही. तपासणीच्या गुणपत्रकातही जरा बदल करावा लागेल, 'भिंती रंगवल्या का' या ऐवजी 'भिंतीवर यंदाची नोंद आहे का' एवढा. खर्च म्हणाल तर चुन्याची पिशवी, गेरू, दोन ब्रश. आणि तपासणीच्या आदल्या रात्री कुणी नवा रंग मारायला आलाच, तर जुन्या रेघा आणि आकडे आहेत ती भिंत सोडून बाकी काय हवं ते रंगवा असं त्याला सांगायचं, पाहिजे तर अस्वलसुद्धा काढा.